रांजणवाडी, गाठ आणि पडलेली पापणी
(डोळ्यांविषयीची लेखमाला : भाग ७)

गेल्या आठवड्यात कोरड्या डोळ्यांविषयी लिहिताना अश्रूंवरच्या तेलाच्या पातळ थरापाशी थांबलो होतो. हे तेल पापणीत तयार होतं. भरपूर उजेडात आरशासमोर उभं राहून खालची पापणी बोटाने किंचित खाली ओढा. केसांच्या रांगेच्या मागे बारीक टिंबांची आणखी एक रांग दिसेल. ती तैलग्रंथींची तोंडं. वरच्या पापणीत या ग्रंथी साधारण तीसेक असतात, खालच्या पापणीत त्याहून थोड्या कमी. हाइनरिश माइबोम या जर्मन वैद्याने १६६६ मध्ये त्यांचं वर्णन केलं, म्हणून त्यांना माइबोमियन ग्रंथी म्हणतात. पापणीची नेहमीची बरीचशी दुखणी याच दोन रांगांच्या आसपास सुरू होतात.

सगळ्यांच्या ओळखीची ती रांजणवाडी. केसाच्या मुळाशी जंतुसंसर्ग होतो, पापणीच्या कडेला लाल, ठणकणारी पुळी येते, दोन-तीन दिवसांत तिच्या टोकाला पिवळा पू दिसतो. गाठीचं तसं नसतं. तैलग्रंथीचं तोंड बुजतं, तेल आत साचतं, त्याभोवती सूज धरते आणि कडेपासून थोडी आत, वाटाण्याएवढी टणक गाठ हाताला लागते. ती सहसा दुखत नाही. दुखते ती रांजणवाडी, न दुखता महिनोन् महिने बसून राहते ती गाठ, एवढा फरक घरच्या घरी पुरतो.

घरगुती उपायांत दोन ठरलेले: लवंग सहाणेवर उगाळून लावायची, नाहीतर तळहातावर बोट घासून ते गरम बोट पापणीवर टेकवायचं. दुसऱ्या उपायात ऊब आहे, तेवढं खरं. पण बोटाची घाणही आहे. लवंगेला मात्र माझा साफ विरोध. ती डोळ्यात उतरली तर बुबुळाची आग आग होते, आणि मग रांजणवाडी राहते बाजूला.

दोन्हींवर पहिला उपाय शेकाचाच आणि तो नीट केला तर बहुतेकांना पुरतो. अडचण अशी की नीट कोणी करत नाही. मिनिटभर रुमाल टेकवला, झालं! स्वच्छ सुती रुमाल मनगटाच्या आतल्या बाजूला सोसेल इतक्या गरम पाण्यात बुडवा, पिळा, मिटलेल्या डोळ्यावर ठेवा. तो लगेच निवतो, म्हणून पुन्हा बुडवा. असं पाच ते दहा मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. साचलेलं तेल घट्ट तुपासारखं असतं, ते पातळ व्हायला तेवढा वेळ लागतोच. गाठ असेल तर शेकानंतर बोटाने हलकेच चोळा: वरची पापणी वरून खाली, खालची खालून वर, म्हणजे केसांच्या दिशेने. तव्यावर तापवलेला कोरडा रुमाल नको. पापणीची त्वचा अंगावरची सर्वांत पातळ त्वचा आहे, भाजायला वेळ लागत नाही. आणि पुळी फोडायची नाही, कितीही हात शिवशिवले तरी.

रांजणवाडी आठवडा-दोन आठवड्यांत बसते. गाठीला कित्येक आठवडे लागतात. एक-दोन महिने शेकूनही ती राहिली, तर नेत्रतज्ज्ञ पापणीपुरती भूल देऊन, पापणी उलटवून आतल्या बाजूने छेद घेतात आणि गाठ खरवडून काढतात. छेद आतून असल्यामुळे बाहेर व्रण दिसत नाही. काही जण गाठीत स्टेरॉइडचं इंजेक्शन देतात; त्याने सावळ्या त्वचेवर फिकट डाग पडू शकतो, हे आधी विचारून घ्यावं.

औषधाच्या दुकानातून ‘लाल डोळ्याचे ड्रॉप्स’ मागून आणण्याची सवय मला सर्वांत घातक वाटते. त्यातल्या कितीतरी बाटल्यांत प्रतिजैविकाबरोबर स्टेरॉइड असतं. दोन दिवसांत बरं वाटतं, बाटली घरात राहते, पुढच्या वेळी पुन्हा तीच. सल्ल्याशिवाय महिनोन् महिने हे चाललं तर डोळ्याचा दाब वाढून काचबिंदू होतो आणि काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही.

रांजणवाडी सारखी होत असेल तर दोन गोष्टी तपासतात, रक्तातली साखर आणि चष्म्याचा नंबर. नंबर असलेलं मूल चष्म्याविना डोळे चोळत राहतं, हात मळलेले असतात, पुढचं सांगायला नको. तिसरं कारण पापणीच्या कडेचा जुनाट दाह. सकाळी डोळे चिकटतात, केसांच्या मुळाशी कोंड्यासारखे खपले दिसतात. याला कायमचं औषध नाही, निगा आहे: शेक आणि मग पापणीची कड पुसणं, रोज, दात घासावेत तसं.

साठीपुढच्या माणसाची गाठ काढल्यावर त्याच जागी पुन्हा आली, किंवा गाठीवरचे पापणीचे केस झडू लागले, तर ती साधी गाठ समजू नये. तैलग्रंथींचा कर्करोग नेमका असाच सोंग घेऊन येतो. पाश्चात्त्य देशांत तो दुर्मीळ, भारतात मात्र पापणीच्या कर्करोगांत त्याचं प्रमाण बरंच मोठं आहे. अशा गाठीचा तुकडा तपासायला पाठवाच. लहान मुलाची पापणी सुजून लाल झाली, ताप आहे, डोळा पुढे आल्यासारखा वाटतो किंवा हलवताना दुखतो, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावं. संसर्ग डोळ्याच्या खोबणीत उतरलेला असू शकतो.

पडलेल्या पापणीचं प्रकरण वेगळं. जन्मापासून पडलेली पापणी बाळाची बाहुली झाकत असेल, तर त्या डोळ्याची नजर तयारच होत नाही, म्हणून ‘मोठेपणी बघू’ चालत नाही. सकाळी ठीक आणि संध्याकाळी पडणारी पापणी स्नायूंच्या आजाराकडे बोट दाखवते. अचानक एक पापणी पडली, डोकं ठणकतंय, एकाचे दोन दिसताहेत, तर मेंदूतली रक्तवाहिनी फुगलेली असण्याची शक्यता असते आणि मग एक रात्रही थांबायचं नसतं.

आणि पावसाळ्यात, जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेला माणूस पहाटे पोटदुखीने उठला, दोन्ही पापण्या उघडेनात, गिळता येईना, तर मण्यार चावल्याची शंका घ्या. तिचा दंश बहुधा दुखत नाही, खूण दिसेलच असं नाही. विष नसा आणि स्नायूंमधला संदेश तोडतं. पापण्या पहिल्या पडतात, श्वासाचे स्नायू नंतर. मांत्रिक नको, डोळ्यांचा डॉक्टरही नको, १०८ ला फोन करून प्रतिसर्पविष आणि श्वासाला आधार देण्याची सोय असलेलं रुग्णालय गाठा.

बाकीच्या तक्रारींसाठी पहिली पायरी जवळचं ग्रामीण रुग्णालय. तिथले नेत्रचिकित्सा अधिकारी नजर तपासतात आणि पुढे कुठे जायचं ते सांगतात. गाठ काढण्याजोगी असेल तर जिल्हा रुग्णालय. पापणीची मोठी शस्त्रक्रिया किंवा कर्करोगाची शंका असेल तर वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय, जसं मुंबईत जे. जे., पुण्यात ससून, छत्रपती संभाजीनगरात घाटी. खासगीत जाणार असाल तर पापण्यांच्या शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर कोण, असं स्पष्ट विचारा. मोतीबिंदूत हातखंडा असलेला प्रत्येक जण त्या करतोच असं नाही. चष्म्याच्या दुकानात नंबर मिळतो, निदान नव्हे.

जाताना काजळ लावू नका. आजवर घातलेल्या सगळ्या ड्रॉप्सच्या बाटल्या, रिकाम्यासुद्धा, पिशवीत टाका. ‘पांढऱ्या झाकणाची होती’ एवढ्यावरून डॉक्टरला काही कळत नाही. साखरेचा शेवटचा रिपोर्ट बरोबर असावा. आणि पापणी पडत असेल तर पाच-सात वर्षांपूर्वीचा एखादा फोटो.

(पुढील भागात : काचबिंदू)