पेशींचें मरण आणि किरणजन्य कर्करोग

६ ऑगस्ट १९४५ रोजीं हिरोशिमावर अणुबाँब पडला. त्यांतून वांचलेल्यांपैकीं कित्येकांना कांहीं वर्षांतच रक्ताचा कर्करोग झाला. इतर कर्करोग तर अनेक दशकांनंतरहि उद्भवत राहिले. मग किरणांचें विष इतकीं वर्षें दडलें होतें कोठें? उत्तरासाठीं पेशींच्या मरणाकडे पाहिलें पाहिजे.

शरीराच्या घडणींत मरणालाहि नेमून दिलेलें काम आहे. आईच्या उदरांत आपल्या हाताचीं बोटें प्रथम पातळ पडद्यानें जोडलेलीं असतात. त्या पडद्यांतील पेशी ठराविक वेळीं आपण होऊन मरतात, म्हणूनच बोटें सुटीं होतात. या शिस्तबद्ध मरणाला केर, वायली व करी या शास्त्रज्ञांनीं १९७२ सालीं 'अपॉप्टोसिस' म्हणजे पानगळ असें ग्रीक नांव दिलें.

क्ष-किरण किंवा गॅमा किरण पेशींत शिरले कीं आनुवंशिक गुण सांठविणारा डीएनएचा धागा तुटतो. पेशी तो सांधूं पाहते. तें न साधल्यास 'पी-५३' नांवाचें प्रथिन तिला मरणाची आज्ञा देऊं शकतें. पेशी मेली कीं तिचा दोषहि संपतो. परंतु चुकीच्या सांध्यासह ती जगली, तर तो दोष तिच्या वंशांत उतरतो, वर्षानुवर्षें त्यांत नव्या दोषांची भर पडते आणि अखेर कर्करोग उभा राहतो. हिरोशिमाचें विष दडलें होतें तें अशा जगलेल्या पेशींत.

तर मग जितक्या पेशी मरतील तितकें बरें, असें कोणालाहि वाटेल. २०१० सालीं इन्सब्रुक व मेलबर्न येथील प्रयोगांनीं या समजुतीला धक्का दिला. मरणाची आज्ञा अमलांत आणणारें 'पुमा' हें प्रथिन ज्यांच्या अंगीं नव्हतें, अशा उंदरांवर गॅमा किरण सोडले. त्यांच्या पेशी फारशा मेल्या नाहींत. तरीहि एरवीं अशा किरणांनीं थायमस ग्रंथींत होणारा कर्करोग टळला! कारण असें कीं, असंख्य पेशी एकदम मेल्या म्हणजे अस्थिमज्जा ओस पडते. ती भरून काढण्यासाठीं उरलेल्या मूळ पेशींना घाईनें विभागावें लागतें, आणि त्या घाईंत सदोष पेशीचेंहि फावतें. पूर्वीं १९५० नंतरच्या दशकांत कॅप्लन यांनीं उंदरांची मांडी शिशानें झांकून किरण दिले, तेव्हांहि कर्करोगाचें प्रमाण घटलें होतें; झांकलेल्या मज्जेंतील निरोगी पेशी तेथें उपयोगी पडल्या.

हे प्रयोग उंदरांवरचे आणि एका जातीच्या कर्करोगाचे. ते माणसाला जसेच्या तसे लावतां येत नाहींत. तथापि मरण हें पेशींच्या राज्यांतील रक्षक असलें, तरी त्यालाहि मर्यादा हवी, एवढें त्यांवरून दिसतें. वैद्यानें सांगितलेला क्ष-किरण फोटो भीतीनें टाळूं नये, त्यांतील किरणांचें प्रमाण अल्प असतें. मात्र विनाकारण तो काढण्याचा आग्रहहि धरूं नये.