नाचणीचे सत्त्व आणि माझी जीभ

आयुष्यभर खडू धरलेल्या हाताने उतारवयात तराजू धरावा का, असे मला पुष्कळ जण विचारतात. मी सांगते, जरूर धरावा. मात्र तराजूबरोबर जीभही सांभाळावी. हे शहाणपण मला स्वस्तात मिळालेले नाही, म्हणूनच आज ते वाचकांपुढे ठेवते आहे.

मी २०१८ साली, ५८ व्या वर्षी, शिक्षिकेच्या नोकरीतून निवृत्त झाले. वाईतले घर, मुले नोकरीनिमित्त बाहेरगावी. पहिले दोन महिने आराम गोड वाटला, पुढे दिवस सरता सरेना. सासूबाईंनी शिकवलेले नाचणीचे सत्त्व मी घरापुरते करीतच असे. शेजारच्या बाळंतिणीला दिले, तिच्या बहिणीने मागितले, आणि बघता बघता पाकिटे भरायची वेळ आली. निवृत्तीच्या पैशाला हात लावायचा नाही, एवढे पक्के ठरवून बचतीतले २५ हजार रुपये घातले. २०१९ मध्ये अन्न परवान्याची नोंदणी केली. तेव्हा वर्षाला १२ लाखांपर्यंत उलाढाल असणाऱ्या लहान उत्पादकाला शंभर रुपये भरून ती करता येत असे.

काम साधे दिसते, पण अंगमोड करणारे आहे. जावळी-महाबळेश्वरच्या डोंगरातली नाचणी आणायची, निवडून धुवायची, रात्रभर भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, सावलीत सुकवायची, मंद आचेवर भाजायची, दळायची आणि वस्त्रगाळ करायची. पहिल्याच पावसाळ्यात नाचणी नीट सुकण्याआधी दळली आणि ओलसर वासाची चाळीस पाकिटे फेकून द्यावी लागली. बुरशी लागलेले धान्य नुसते भाजून निर्धोक होत नाही. पोती उचलून कंबर धरली, तेव्हापासून दहा किलोच्या वर एका वेळी उचलत नाही. दळताना नाकातोंडाला फडके बांधते.

हे सगळे नुकसान भरून निघाले. न भरून निघणारे नुकसान झाले ते २०२१ साली.

आमच्याच शाळेतले एक निवृत्त गुरुजी नेहमीचे गिऱ्हाईक. त्यांना बारा वर्षांचा मधुमेह. एकदा त्यांनी विचारले, “बाई, हे साखरेला चालतं ना?” मी दुसऱ्याचे पाकीट बांधत होते. मान वर न करता म्हणाले, “चालतं काय गुरुजी, चांगलंच असतं!” त्यांनी त्याचा अर्थ त्यांच्या सोयीने लावला. सकाळ-संध्याकाळ सत्त्वाची पेज, तीही गूळ घालून. आणि हळूहळू गोळ्या बंद. गूळ नैसर्गिक, मग त्याने काय होते, असा त्यांचा हिशेब. तीन महिन्यांनी पायाच्या बोटाला चप्पल लागून झालेली जखम चिघळली. शेवटी ते बोट काढावे लागले. भेटायला गेले, तेव्हा गुरुजी एका शब्दानेही बोलले नाहीत. त्यांच्या पत्नी एवढेच म्हणाल्या, “बाई, तुमच्यावर विश्वास होता हो.”

त्या रात्री मी दुकान बंद करायचे ठरवले होते. आमचे हे म्हणाले, “बंद करून गुरुजींचं बोट परत येणार आहे का? त्यापेक्षा खरं सांगून वीक.” तेव्हापासून प्रत्येक गिऱ्हाइकाला जे सांगते, तेच येथे लिहिते.

नाचणी गुणाची आहे, यात शंका नाही. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तेवढ्याच तांदळात जेमतेम दहा. मोड आणल्याने ती पचायला हलकी होते. म्हणून सहा महिन्यांपुढच्या बाळाला, आजारातून उठलेल्याला, दात नसलेल्या वृद्धाला सत्त्वाची पेज उत्तम. परंतु वस्त्रगाळ करताना कोंडा निघून जातो, आणि पातळ शिजवलेली पेज साखर चटकन वाढवते. मधुमेही माणसाने नाचणी खायचीच, तर कोंड्यासकट दळलेल्या पिठाची भाकरी, तीही भाजी-आमटीबरोबर, बेताने खावी. गूळ काळा असो वा पिवळा, सेंद्रिय असो वा साधा, मधुमेहात तो साखरच समजावा. आणि गोळ्या कमी करणे किंवा थांबवणे हे डॉक्टरांचे काम. ते शेजाऱ्याचे नाही आणि दुकानदाराचे तर मुळीच नाही.

२०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरड धान्यांचे म्हणून साजरे केले, आणि नाचणीला एकदम भाव आला. एक व्यापारी महिन्याला दोनशे किलो सत्त्व उचलायला तयार झाला. अट एकच, पाकिटावर ‘मधुमेहावर रामबाण’ छापायचे. मधुमेह बरा करण्याच्या जाहिरातीला १९५४ च्या कायद्याने बंदी आहे, हे मी त्याला सांगितले. तो हसला. मला कायद्याआधी गुरुजींचा पाय आठवला होता. सौदा मोडला. आजही माझा खप महिन्याला तीस-चाळीस किलोच्या पुढे जात नाही, पण रात्री झोप लागते.

निवृत्तीनंतर असा उद्योग करू पाहणाऱ्यांना म्हणूनच सांगते, भांडवल थोडे लावा, धान्य कोरडे ठेवा, कंबर जपा. आणि आपला माल हे अन्न आहे, औषध नव्हे, हे गिऱ्हाइकाने विचारण्याआधीच त्याला सांगा. आपल्या पांढऱ्या केसांकडे पाहून लोक आपला शब्द खरा मानतात.

गुरुजी आता पुन्हा येतात. नाचणीचे पीठ नेतात, गूळ नेत नाहीत. जाताना दर वेळी खिशातली गोळ्यांची पट्टी मला दाखवतात.