काखेतली गाठ, मांजराचा ओरखडा आणि लपलेला जंतू

काखेत वा मानेत गाठ आली की इंदूर असो वा पणजी, पहिला संशय क्षयाचा येतो. आणि आपल्या देशात तो रास्तच आहे. पण मांजराने ओरखडल्यानंतरच्या आजारातही लसिकाग्रंथी अशाच सुजतात, सूक्ष्मदर्शकाखाली त्यांत क्षयासारखे पेशींचे पुंजकेही आढळतात. खरा जंतू सापडला नाही, तर सहा महिने क्षयाची औषधे विनाकारण घेण्याची वेळ येऊ शकते. एरवी निरोगी माणसात हा आजार बहुधा आपोआप बरा होतो.

फ्रेंच बालरोगतज्ज्ञ रोबेर देब्रे यांनी १९५० मध्ये या रोगाचे वर्णन केले. गाठीतले जंतू मात्र १९८३ मध्ये अमेरिकेत दिसले, तेही वार्थिन-स्टारी या रौप्यरंजनाने काळे उठून आल्यावर. पुढे ठपका ‘अफिपिया’ या भलत्याच जंतूवर आला! रुग्णांच्या रक्तातील प्रतिपिंडांवरून १९९२ मध्ये खरा कारक पुढे आला. त्याचे आजचे नाव ‘बार्टोनेला हेन्सेली’.

रौप्यरंजन जंतू दाखवते, त्याची जात सांगत नाही. संवर्धनाला कित्येक आठवडे लागतात आणि बरेचदा काहीच वाढत नाही. म्हणून आज भिस्त रक्तातील प्रतिपिंडांच्या तपासणीवर आणि गाठीतील पू वा ऊतीच्या पीसीआरवर असते. पीसीआर नकारात्मक आली म्हणून आजार नाहीच, असे ठरत नाही. काढलेली गाठ सगळीच फॉर्मलिनमध्ये बुडवली, तर बार्टोनेलाचे आणि क्षयाचेही संवर्धन अशक्य होते. थोडा भाग ताजाच प्रयोगशाळेत जावा लागतो.