टँकमधला गरीब सकर धरणात ‘बाप’ कसा होतो?

आजचा भाग ऐकायला वेळ नसेल तर हा वाचून काढा, दोन मिनिटांचं काम आहे.

सुरुवात एका कबुलीने करतो. इंजिनिअरिंगला असताना आमच्या रूमवर फिश टँक होता. त्यात एक सकर. दिवसभर काच चाटत बसायचा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. रूम सोडताना प्रश्न पडला, याचं काय करायचं? आम्ही त्याला जवळच्या तलावात सोडलं आणि पुण्य केल्यासारखे घरी आलो. ते पुण्य नव्हतं. का, ते सांगतो.

सकर हा मूळचा दक्षिण अमेरिकेतला कॅटफिश, म्हणजे आपल्या शिंगट्याचा आणि मांगूरचा लांबचा भाऊबंद. घरच्या टँकमध्ये तो पिल्लं देत नाही, म्हणून निरुपद्रवी वाटतो. पण त्याचं कारण साधं आहे. अंडी घालायला त्याला मातीचा काठ लागतो आणि टँकला असते काच.

धरणात काय, काठच काठ! नर पाण्याखालच्या मऊ मातीत तिरकं बीळ खोदतो, कधी कधी मीटरभर लांब. मादी आत येऊन पिवळसर-केशरी अंड्यांचा गोळा घालते. पुढची सगळी ड्युटी बापाची. पिल्लं बाहेर पोहायला लागेपर्यंत तो बिळात पहारा देतो.

आता याची तुलना रोहूशी करा. रोहूची मादी लाखो अंडी वाहत्या पुरात सोडते आणि विसरून जाते. लाखभर मेसेज पाठवायचे, दोन रिप्लाय आले तरी बास, असा तो हिशोब. त्याला वाहतं पाणी हवं, म्हणून साठलेल्या पाण्यात तो सहसा अंडी घालत नाही आणि धरणांत बोटुकली बाहेरून आणून सोडावी लागते. सकरची अंडी काहीशे ते काही हजारच, पण मोठी आणि राखणीतली. पूर आला काय, नाही आला काय, त्याचं अडत नाही.

बरं, उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरलं तर? ओल असेपर्यंत तो बिळात तगतो. हवा गिळून चक्क पोटातून श्वास घेतो!

याचा परिणाम मेक्सिकोत दिसला. तिथे बाल्सास नदीवर एल इन्फिएर्निलो नावाचं धरण आहे, अर्थ ‘छोटा नरक’. तिथली चिलापीची मासेमारी देशातल्या सर्वांत मोठ्यांपैकी होती. सकर शिरला आणि जाळ्यांत तोच भरून यायला लागला. लोकांनी त्याला नाव दिलं ‘पेझ डियाब्लो’, सैतान मासा.

आणि हे फार लांबचं नाही बरं का. आपल्या उजनीतही सकर सापडतोय. त्याचे काटे आणि हाडांच्या पट्ट्यांचं चिलखत जाळ्यात असं अडकतं की जाळं कापावं लागतं. माशाला गिऱ्हाईक नाही आणि जाळ्याचा खर्च डोक्यावर.

म्हणून एकच विनंती. सकर नकोसा झाला तर दुकानदाराला परत द्या, मोठा टँक असलेल्या मित्राला द्या. पण तलावात, नदीत, ओढ्यात नको. आणि गळाला लागलाच, तर परत पाण्यात टाकू नका.

आम्ही सोडलेला तो एकटाच होता, असं मी स्वतःला सांगत असतो. पण त्या तलावात आमच्यासारखे ‘पुण्यवान’ आणखी किती येऊन गेले असतील?

भेटू पुढच्या भागात!