शनिवारच्या दोन तासिका : प्रज्ञावंत मुलांसाठी

सातारा येथील तत्कालीन सरकारी इंग्रजी शाळेच्या दप्तरात ७ नोव्हेंबर १९०० रोजी एका बालकाचे नाव नोंदविले गेले. ते बालक म्हणजे पुढे भारतीय राज्यघटनेचे शिल्पकार झालेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर होत. ही शाळा आज छत्रपती प्रतापसिंह हायस्कूल या नावाने ओळखली जाते आणि २०१७ पासून ७ नोव्हेंबर हा दिवस राज्यातील शाळांतून ‘विद्यार्थी दिवस’ म्हणून पाळण्यात येतो. या घटनेनंतर वीस वर्षांनी, १ ऑगस्ट १९२० रोजी, वाळवा तालुक्यातील वाटेगाव येथे अण्णा भाऊ साठे यांचा जन्म झाला. ते शाळेत अवघे दीड दिवस गेले, असे सांगितले जाते. तरीही १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेली ‘फकिरा’ ही त्यांची कादंबरी मराठी साहित्यात मानाचे स्थान मिळवून बसली.

एकाला शाळेचे दार उघडले, दुसऱ्याला ते जवळजवळ बंदच राहिले. दोघांचीही प्रतिभा समाजाला लाभली, हे समाजाचे भाग्य. परंतु वाड्या-वस्त्यांवरील किती मुलांची प्रतिभा कोणाच्या दृष्टीसही न पडता विझून गेली, याची नोंद कोणत्याही दप्तरात सापडणार नाही. आज शाळेचे दार सर्वांना खुले आहे. प्रश्न उरतो तो दाराच्या आतला. वर्गातील तीस-चाळीस मुलांत ज्याची आकलनशक्ती इतरांहून पुढे धावते, त्या मुलासाठी प्राथमिक शाळेच्या आठवड्यात काही स्थान आहे काय?

शिक्षणाची जुनी भूमी

जुन्या सातारा जिल्ह्याचे दक्षिणेकडील तालुके आणि विलीन झालेल्या संस्थानांचा प्रदेश मिळून १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा निर्माण झाला. १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. या भूमीला शिक्षणाची थोर परंपरा आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि गरिबांच्या मुलांना ‘कमवा आणि शिका’ हा मंत्र दिला. देशातील पहिली सैनिक शाळा १९६१ मध्ये सातारा येथेच सुरू झाली. खटाव तालुक्यातील पुसेगाव येथे ग्रामीण भागातील हुशार मुलांसाठी शासकीय विद्यानिकेतन आहे. सातारा तालुक्यातील खावली व सांगली जिल्ह्यातील पलूस येथे जवाहर नवोदय विद्यालये आहेत. याशिवाय १९५४-५५ पासून राज्यात शिष्यवृत्ती परीक्षा घेण्यात येते. ती दीर्घकाळ चौथी व सातवीच्या विद्यार्थ्यांसाठी होती. २०१६-१७ मध्ये ती पाचवी व आठवीकडे नेण्यात आली. या परीक्षेत यश मिळविणाऱ्या मुलांचा गावोगावी सत्कार होतो आणि ते योग्यच आहे.

तथापि या सर्व योजनांचे स्वरूप मुख्यतः निवडीचे आहे. नवोदय विद्यालयाचे उदाहरण घेऊ. तेथे सहावीच्या वर्गात दरवर्षी ८० विद्यार्थ्यांना प्रवेश मिळतो. सातारा जिल्ह्यात ११ तालुके आहेत, सांगलीत १०. म्हणजे सरासरीने पाहता साताऱ्यात तालुक्यामागे सात आणि सांगलीत आठ मुलांनाच ही संधी मिळू शकते. बाकीची बुद्धिमान मुले आपापल्या गावच्या शाळेतच राहतात. निवड न झालेले दहा वर्षांचे मूल पुष्कळदा एक चुकीचा निष्कर्ष मनाशी घेऊन परत येते : आपण हुशार नाही. काही वेळा त्याचे पालकही तसेच मानू लागतात. एका दिवसाच्या परीक्षेने एवढा मोठा निवाडा करावा, हे न्यायाचे नाही.

प्रज्ञा म्हणजे केवळ गुण नव्हेत

बुद्धिमापनाच्या इतिहासात या संबंधी एक बोलके उदाहरण आहे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ लुईस टर्मन यांनी १९२१ मध्ये कॅलिफोर्निया राज्यात बुद्ध्यंकाच्या आधारे प्रज्ञावंत मुलांची निवड करून त्यांचा दीर्घकाळ अभ्यास केला. त्या चाचणीत विल्यम शॉक्ली आणि लुईस अल्वारेझ ही दोन मुले बसली होती. पण ठरविलेल्या मर्यादेपर्यंत त्यांचे गुण पोहोचले नाहीत. पुढे याच दोघांना अनुक्रमे १९५६ व १९६८ मध्ये भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. चाचणी निरुपयोगी असते, असा याचा अर्थ नव्हे. चाचणीच्या चाळणीतून काही दाणे खाली पडतात, एवढाच त्याचा अर्थ.

जोसेफ रेन्झुली या शिक्षणतज्ज्ञांनी १९७८ मध्ये मांडलेल्या विचारानुसार सरासरीहून अधिक क्षमता, हाती घेतलेल्या कामाची चिकाटी आणि नवनिर्मितीची वृत्ती या तिन्ही गोष्टी जेथे एकत्र येतात, तेथे प्रज्ञा प्रकट होते. चिकाटी व नवनिर्मिती या गोष्टी पर्यायांपैकी एकावर खूण करून दिसत नाहीत. मुलाला काम द्यावे लागते आणि ते करताना त्याच्याकडे पाहावे लागते. महाराष्ट्रात डॉ. वि. वि. तथा अप्पा पेंडसे यांनी १९६२ मध्ये पुणे येथे ज्ञान प्रबोधिनीची स्थापना केली, तीही बुद्धिमान मुलांना नेहमीच्या शालेय अभ्यासापलीकडचे खाद्य पुरवावे या हेतूने. संस्थेची पूर्णवेळ प्रशाला त्यानंतर, १९६९ मध्ये, सुरू झाली. स्वतंत्र शाळा काढल्याशिवायही या कामाचा आरंभ करता येतो, हा बोध त्यातून घेण्यासारखा आहे.

शनिवारची तासिका कशी असावी

राज्य शासनाने २०२४ मध्ये पहिली ते आठवीच्या वर्गांसाठी ‘आनंददायी शनिवार’ या उपक्रमाचा निर्णय घेतला. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्येही विशेष आवड व गुण असलेल्या मुलांसाठी विषयवार व प्रकल्पाधारित मंडळे शाळा, शाळासमूह, जिल्हा व त्यापुढील पातळ्यांवर असावीत, असे सुचविले आहे. शनिवारच्या दोन तासिका या कामासाठी राखून ठेवल्यास वेगळ्या वेळापत्रकाची गरज भासणार नाही. विषय मात्र गावच्या परिसरातून निवडावेत. सुरुवात संपूर्ण वर्गाने करावी आणि ज्यांना पुढे जायचे आहे त्यांच्यासाठी त्याच विषयाच्या वरच्या पायऱ्या तयार ठेवाव्यात. एका महिन्याचे चार शनिवार नमुन्यादाखल पुढे दिले आहेत.

पहिला शनिवार : कोयनेचे पाणी. कोयना धरणाची साठवणक्षमता १०५.२५ टीएमसी आहे, हे मुलांच्या कानावर पावसाळ्यात रोज पडते. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट आणि एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, एवढे सांगून प्रश्न द्यावा : दहा हजार क्युसेकने पाणी सोडल्यास एक टीएमसी पाणी जाण्यास किती वेळ लागेल? उत्तर एक लाख सेकंद, म्हणजे २७ तास ४६ मिनिटे ४० सेकंद. पाचवीच्या बहुतेक मुलांना थोड्या मदतीने हे जमते. एखादे मूल मात्र येथे न थांबता विचारील, ‘पण वरून पाणी येतही असेल ना?’ हाच प्रश्न शिक्षकाने टिपून ठेवावा. त्या मुलाला पुढची पायरी द्यावी : धरणात पंधरा हजार क्युसेकने पाणी येत असेल, तर त्याच एक लाख सेकंदांत साठा किती वाढेल? उत्तर अर्धा टीएमसी.

दुसरा शनिवार : पुराची खूण. कोयना कराड येथे कृष्णेला मिळते आणि तेच पाणी पुढे सांगलीच्या आयर्विन पुलाखालून वाहते. १९२९ मध्ये बांधलेल्या या पुलाजवळ ४५ फूट ही कृष्णेची धोक्याची पातळी मानली जाते. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पाणी ५७ फुटांच्याही वर गेले होते. नदीकाठच्या गावांत घरांच्या भिंतींवर पुराच्या खुणा आढळतात. मुलांनी त्या मोजाव्यात, वृद्धांना जुन्या पुरांविषयी विचारावे आणि आलेख काढावा. दुष्काळी भागातील शाळांनी पुराऐवजी विहिरीच्या पाण्याची पातळी घ्यावी. जत व माण तालुक्यांतील मुलांना पाण्याचा उणेपणा कोणत्याही पुस्तकाहून अधिक ठाऊक असतो.

तिसरा शनिवार : तार आणि सूर. मिरज येथील सतार व तंबोरा यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्यासाठी लागणारे भोपळे शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातून येतात. फळीवर दोन खिळ्यांमध्ये ताणलेली एक तार एवढेच साहित्य या प्रयोगास पुरे. तारेची लांबी निम्मी केली की तोच सूर वरच्या सप्तकात ऐकू येतो; दोन-तृतीयांश केली की पंचम लागतो. अपूर्णांक कानाने ऐकता येतात, हे कळल्यावर गणितात मागे असलेले एखादे मूल या तासिकेत सर्वांच्या पुढे गेल्यास नवल वाटू नये.

चौथा शनिवार : गावाची नोंद. मराठी विश्वकोशाचे कार्य तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली वाई येथून चालले आणि त्याचा पहिला खंड १९७६ मध्ये प्रकाशित झाला. विश्वकोशात नोंद कशी असते हे दाखवून मुलांनी आपल्या गावातील एका वस्तूवर, झाडावर, ओढ्यावर किंवा व्यवसायावर दहा ओळींची नोंद लिहावी. अट एकच : लिहिलेली प्रत्येक गोष्ट किमान दोन माणसांकडून पडताळून घेतलेली असावी. माणदेशात मेंढपाळांच्या मुलांजवळ मेंढ्यांच्या जाती, चारा व वाटा यांविषयीचा मोठा शब्दसंग्रह असतो. त्याला वर्गात प्रथमच प्रतिष्ठा मिळेल.

मुलाची पारख

या तासिकांना कोणी बसावे, यासाठी प्रवेशपरीक्षा ठेवू नये. रेन्झुली व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये ‘फिरत्या दारा’ची कल्पना मांडली. एखाद्या विषयात रस व चिकाटी दाखविणाऱ्या मुलाला त्या कामापुरते पुढच्या गटात घ्यावे. काम संपले की इतरांसाठी दार पुन्हा खुले राहावे. त्यामुळे कोणाच्याही कपाळावर हुशार किंवा सामान्य असा शिक्का बसत नाही.

शिक्षकांनी एक साधी निरीक्षणवही ठेवावी. मुलाने विचारलेला अनपेक्षित प्रश्न, उदाहरण सोडविण्याची त्याची स्वतःची रीत, तासिका संपल्यावरही चालू राहिलेले काम, यांची तारीखवार नोंद तीत असावी. प्रज्ञावंत मूल नेहमीच शांत व नीटनेटके असते असे नाही. कधी ते कंटाळून खोड्या काढते, कधी घरची बोली वर्गात चालणार नाही या भीतीने गप्प राहते. ऊसतोडीसाठी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांतील मुले हंगामात शाळा बदलतात. त्यांच्याविषयीची नोंद नव्या शाळेकडे पाठविली गेली, तर पारख पुन्हा पहिल्यापासून करावी लागणार नाही. मुलींच्या बाबतीत विशेष दक्षता हवी, कारण घरकामामुळे शनिवारी प्रथम अनुपस्थित राहते ती बहुधा मुलगीच.

शिक्षक, केंद्र आणि पंचायत

दोन शिक्षक आणि चार-पाच वर्ग अशी स्थिती असलेल्या शाळेने हा भार एकट्याने वाहावा, अशी अपेक्षा रास्त नव्हे. केंद्रप्रमुखांनी केंद्रातील शाळांत विषय वाटून घेतले आणि महिन्यातून एकदा केंद्रशाळेत मुलांना एकत्र आणले, तर लहान शाळेतील एकट्या पडलेल्या मुलालाही आपल्यासारखे सोबती भेटतील. जिल्हा परिषदेच्या शाळांना नवे काही जमत नाही, हा समज साताऱ्यानेच खोटा ठरविला आहे. विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांच्या मार्गदर्शनाखाली कुमठे बीटमधील शाळांनी ज्ञानरचनावादी अध्यापनाचा जो प्रयोग केला, तो पाहण्यासाठी राज्याच्या अन्य भागांतून शिक्षक येत असत.

ग्रामपंचायत आणि शाळा व्यवस्थापन समिती यांचा वाटाही महत्त्वाचा आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने बालकाचे ज्ञान, क्षमता व गुणवत्ता यांचा विकास हे अभ्यासक्रमाचे एक उद्दिष्ट मानले आहे. म्हणून ही केवळ हौसेची बाब राहत नाही. यासाठी लागणारा खर्च अल्प आहे. मोजपट्ट्या, तारा, वह्या, काही संदर्भग्रंथ आणि गावच्या वाचनालयाचे शनिवारी उघडे राहणारे दार, एवढ्यावर आरंभ होऊ शकतो. गावातील सुतार, परिचारिका, पाटकरी, निवृत्त शिक्षक यांना तासिकेसाठी निमंत्रित करण्याचे काम पंचायत सदस्य सहज करू शकतात.

एका गोष्टीपासून मात्र सर्वांनी सावध राहावे. या तासिकांचे रूपांतर शिष्यवृत्तीच्या जादा तासांत होऊ देऊ नये. शाळेच्या निकालाचा फलक मोठा दिसावा, असा मोह मुख्याध्यापकांना होतो आणि पालकांचाही तसाच आग्रह असतो. परीक्षेची तयारी इतर दिवशी अवश्य व्हावी. शनिवारच्या दोन तासिकांत मात्र ज्याचे उत्तर पुस्तकाच्या मागे छापलेले नाही, असाच प्रश्न मुलांपुढे असावा.

निवड वर्षातून एकदा होते, संगोपन दर आठवड्याला करावे लागते. खावली, पलूस किंवा पुसेगाव येथे जाणाऱ्या मुलांचे कौतुक करताना जी मुले गावातच राहिली त्यांच्याकडेही दर शनिवारी कोणीतरी लक्षपूर्वक पाहत असेल, तर गुणवंत मूल हेरले न गेल्यामुळे मागे राहिले, असे म्हणण्याची वेळ या दोन जिल्ह्यांवर येणार नाही.