मुलांचं सुतारकाम – भाग ४ : जागचा न हलणारा वर्कबेंच

गेल्या आठवड्यात लाकडाची निवड पाहिली. आता त्या लाकडातून पहिली वस्तू करायची, ती म्हणजे मुलासाठी वर्कबेंच. इथे अनेक पालक विचारतात, आपले सुतार तर जमिनीवर बसून काम करत आले, मग मुलाला बेंच कशाला?

जमिनीवर बसलेल्या सुताराकडे नीट पाहा. फळी तो पायाने दाबून धरतो, बारीक तुकडा पायाच्या बोटांत पकडतो आणि दोन्ही हातांनी हत्यार चालवतो. ही पकड वर्षानुवर्षांच्या सवयीने येते. सात-आठ वर्षांच्या मुलाकडे ती नसते. मग एका हातात लाकूड, दुसऱ्या हातात पटाशी अशी वेळ येते. लाकूड सरकलं की पटाशी निसटून थेट पुढच्या हातात घुसते. पटाशीचा पहिला नियम हा की दोन्ही हात धारेच्या मागे हवेत. लाकूड दुसऱ्या कशाने तरी घट्ट धरलेलं असेल तरच तो पाळता येतो. ते धरून ठेवणं हेच बेंचचं काम. म्हणून मुलाला खेळण्यातला बेंच देऊ नये. माप लहान असावं, बांधणी मात्र मोठ्यांच्या बेंचइतकीच पक्की हवी.

मुलांना खरं काम द्यावं हा विचार काही आजचा नाही. फिनलंडने १८६६ मध्येच प्राथमिक शाळांत हस्तकला सक्तीची केली. स्वीडनमध्ये नेस इथे ऑटो सालोमोन यांनी लाकूडकाम शिकवणारे शिक्षक घडवले. आपल्याकडे १९३७ च्या वर्धा परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगाला शिक्षणाच्या केंद्रस्थानी ठेवलं. मुलाच्या हातून होणारी वस्तू खरोखर उपयोगाची असावी, हा आग्रह सालोमोन आणि गांधीजी दोघांचाही होता.

उंची

मुलाला अनवाणी, ताठ उभं करा. हात सैल सोडू द्या. जमिनीपासून मनगटाच्या घडीपर्यंतचं अंतर ही बेंचची उंची. चार फूट उंचीच्या मुलाला ती साधारण २२ ते २३ इंच येते. बेंच याहून उंच असेल तर रंधा मारताना खांदे वर चढतात आणि सगळा जोर नुसत्या हातांवर येतो. योग्य उंचीवर अंगाचं वजन रंध्याच्या मागे उभं राहतं.

या वयात मुलं वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर वाढतात, त्यामुळे बेंचही दरवर्षी इंचभर वाढायला हवा. त्याची सोय आधीच करून ठेवा. प्रत्येक बाजूचा पुढचा आणि मागचा पाय खालून एकाच आडव्या पट्टीवर बसवा. दर वाढदिवसाला त्या पट्टीखाली इंचभर जाडीची आणखी एक पट्टी स्क्रूने जोडायची. उंची वाढते आणि वजनही तळाशीच वाढतं.

लाकूड आणि माप

वरची फळी ३६ इंच लांब, १६ इंच रुंद आणि दीड इंच जाड. पाय अडीच इंच चौरस. सगळं मिळून घनफूटभर लाकूड लागतं. पाडलेल्या वाड्यांच्या आणि चाळींच्या सागवानी चौकटी जुन्या लाकडाच्या वखारीत मिळतात. ते लाकूड मुरलेलं असतं, सहसा वाकत नाही. रंधा मारण्याआधी त्यावरून लोहचुंबक फिरवून खिळे शोधा. जुन्या तैलरंगात शिसं असू शकतं, म्हणून रंग काढायचं काम मोठ्यांनी तोंडाला मास्क लावून, घराबाहेर आणि मुलं जवळ नसताना करावं.

सांधे

रंध्याचा धक्का बेंचच्या लांबीच्या दिशेने बसतो. त्यामुळे कमकुवत बेंच लांबीतच डुलतो. दोन्ही लांब बाजूंना चार इंच रुंदीच्या पट्ट्या द्या, वर एक आणि खाली एक. आखूड बाजूंना पायात खाच पाडून त्यात आडव्या पट्टीचं कुसू बसवा आणि फेव्हिकॉल लावा. कुसवाची जाडी पट्टीच्या एक तृतीयांश ठेवा. लांब पट्ट्यांना मात्र नट-बोल्ट वापरा. उन्हाळ्यात लाकूड आकसलं की पाना घेऊन ते पुन्हा आवळता येतात.

वरची फळी पावसाळ्यात रुंदीला दोन-चार मिलिमीटर फुगते. तिला चारही बाजूंनी जखडलं तर ती तडकते. पुढच्या कडेचे स्क्रू घट्ट बसवा. मागच्या पट्टीतली भोकं कानशीने लांबट करून त्यांत वॉशरसह स्क्रू घाला. मग फळी मागच्या बाजूला मोकळेपणाने सरकते आणि पुढची कड जागेवर राहते.

वजन आणि पकड

सागाचं घनफूट साधारण अठरा किलो भरतं. रंध्यापुढे तेवढं पुरत नाही. खालच्या पट्ट्यांवर फळ्या टाकून आठ-दहा विटा रचा. एक वीट सुमारे तीन किलोची, म्हणजे वजन दुपटीहून जास्त झालं. फरशीवर सरकू नये म्हणून तळाला रबराचे तुकडे चिकटवा. मग बेंचच्या टोकाला तळहात लावून लांबीच्या दिशेने जोरात ढकला. हलला, तर मुलाच्या हाती देऊ नका, आधी सांधे पाहा.

मूल उजखोरं असेल तर पुढच्या कडेला डावीकडे छोटा व्हाइस बसवा, डावखुरं असेल तर उजवीकडे. फळीच्या त्याच टोकाजवळ पाऊण इंचाचं भोक पाडून त्यात खुंटी ठोका. रंधा मारताना लाकूड त्या खुंटीला अडतं.

शेवटी जवसाच्या तेलाचा हात द्या. पॉलिश नको, त्यावर लाकूड घसरतं. तेलाची फडकी बोळा करून टाकली तर आपोआप पेट घेऊ शकतात, म्हणून ती उघड्यावर पसरून वाळवा.

मुलाला नुसतं बघायला बसवू नका. कडा पॉलिश पेपरने घासणं आणि बोल्ट आवळणं त्याच्याकडे द्या. पुढच्या आठवड्यात हत्यारं पाहू. तोवर मुलाच्या मनगटाचं माप घेऊन ठेवा, आणि सुताराकडून बेंच करून घेणार असाल तर शेजारच्या मुलाच्या अंदाजाने नव्हे, त्याच मापाने करून घ्या.