टिळकांवरची ‘चॅप्टर केस’ आणि आपल्या घरी येणारी नोटीस

काही दिवसांपूर्वी आमच्या एका माजी विद्यार्थ्याचे अब्बा संध्याकाळी घरी आले. हातात घडी घातलेला सरकारी कागद. म्हणाले, “सर, हे बघा काय आलंय. पोरानं तर काहीच केलं नाही. आता त्याचं कॉलेज जाणार का? जेल होणार का?” त्यांनी मनात ठरवूनही टाकलं होतं, की पोराला दोन-चार महिने गावी पाठवून द्यायचं. कोकणात कोण शोधायला येतंय!

आम्ही कागद वाचला. त्यात गुन्हा दाखल झाल्याचं काहीच नव्हतं. तुमच्याकडून शांततेचा भंग होण्याची शक्यता आहे अशी माहिती मिळाली आहे, तर एक वर्ष शांतता राखण्याचा बॉन्ड का घेऊ नये, याचं कारण अमुक तारखेला हजर राहून दाखवा, एवढाच त्याचा मतलब होता. आपल्याकडे याला सगळे ‘चॅप्टर केस’ म्हणतात.

सण, निवडणूक, मोर्चा जवळ आला की असे कागद निघतात. आपल्या मोहल्ल्यात वाटतं की हे फक्त आपल्यालाच येतात. तसं नाही. जुलै २०२५ मध्ये मराठीच्या प्रश्नावर मिरा रोडला मोर्चा निघणार होता, तेव्हाही मोर्चाआधीच काही नेत्यांना ताब्यात घेतलं गेलं. म्हणून हा कायदा आला कुठून आणि चालतो कसा, हे प्रत्येक घराला माहीत असलं पाहिजे.

सुरुवात इंग्लंडमध्ये, १३६१ साली

आपल्या कोर्टाची भाषा बघा. वकील, जामीन, मुचलका, फौजदारी, दिवाणी, हुकूम हे सगळे शब्द उर्दूतही आहेत आणि मराठीतही. शब्द आपले आहेत, पण आतली चौकट इंग्रजी कायद्याची आहे.

इंग्लंडचा राजा तिसरा एडवर्ड याच्या काळात, १३६१ मध्ये एक कायदा झाला. त्यानं गावोगावच्या ‘जस्टिस ऑफ द पीस’ना अधिकार दिला, की ज्यांचं नाव चांगलं नाही अशांकडून चांगल्या वागणुकीची हमी घ्यावी. गुन्हा झाल्यावर शिक्षा देणं वेगळं आणि गुन्हा होऊ नये म्हणून आधीच हमी घेणं वेगळं. ही दुसरी गोष्ट तिथून सुरू झाली. हे जस्टिस बहुतेक त्या भागातले जमीनदार असत. म्हणजे ज्यांची सत्ता, तेच ठरवणार की कोणापासून धोका आहे.

इंग्रजांनी हीच कल्पना भारतात आणली. १८६१ मध्ये पहिली फौजदारी प्रक्रिया संहिता झाली, पुढे १८७२, १८८२ आणि १८९८ मध्ये ती नव्यानं लिहिली गेली. इथे हमी घेण्याचा अधिकार मॅजिस्ट्रेटकडे होता आणि जिल्ह्याचा मॅजिस्ट्रेट म्हणजेच कलेक्टर. महसूल वसूल करणारा, राज्य चालवणारा आणि हमी मागणारा माणूस एकच. यातली मेख इथेच आहे.

टिळक, तय्यबजी आणि जिन्ना

१८९७ मध्ये ‘केसरी’तल्या लिखाणावरून लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा पहिला खटला झाला. मुंबई हायकोर्टात त्यांना जामीन दिला तो न्यायमूर्ती बदरुद्दीन तय्यबजी यांनी. हे तेच तय्यबजी, जे १८८७ मध्ये काँग्रेसचे अध्यक्ष होते आणि ज्यांचा अंजुमन-ए-इस्लामच्या स्थापनेत मोठा वाटा होता. जामिनासाठी टिळकांच्या बाजूनं उभे होते बॅरिस्टर दिनशा दावर. पुढे खटल्यात टिळकांना १८ महिन्यांची शिक्षा झाली.

या खटल्यानंतर लगेच, १८९८ मध्ये सरकारनं राजद्रोहाचं कलम १२४-अ आणखी रुंद केलं. त्याच वर्षीच्या नव्या संहितेत कलम १०८ आणलं. राजद्रोही मजकूर बोलणाऱ्या-छापणाऱ्याकडून चांगल्या वर्तनाची हमी घेण्याचं हे कलम. आता खटला चालवून गुन्हा सिद्ध करण्याचीही गरज उरली नाही, बॉन्डच्या भीतीनंच तोंड बंद करता येणार होतं.

१९०८ मध्ये टिळकांवर दुसरा खटला झाला. आता दावर न्यायमूर्ती झाले होते. या वेळी जामिनाचा अर्ज तरुण बॅरिस्टर मोहम्मद अली जिन्ना यांनी मांडला आणि दावर यांनी तो फेटाळला. ज्यूरीतल्या नऊ जणांपैकी सात युरोपियन होते. निकाल सात विरुद्ध दोन असा लागला आणि टिळकांना सहा वर्षांसाठी मंडालेला पाठवलं. मुंबईच्या गिरणी कामगारांनी निषेध म्हणून सहा दिवस काम बंद ठेवलं.

तिसरी वेळ १९१६ ची, आणि ती आपल्या विषयाची आहे. टिळकांनी होमरूलसाठी बेळगाव आणि अहमदनगरला मराठीत भाषणं केली. त्यांची साठी साजरी होत होती, लोकांनी एक लाख रुपयांची थैली जमवली होती, आणि त्याच दिवसांत नोटीस आली. पुण्याच्या जिल्हा मॅजिस्ट्रेटनं कलम १०८ खाली मागणी केली, की वर्षभर चांगल्या वर्तनासाठी २०,००० रुपयांचा मुचलका आणि प्रत्येकी १०,००० रुपयांचे दोन जामीनदार द्या. आजच्या भाषेत बोलायचं तर लोकमान्यांवर ‘चॅप्टर’ लागला.

टिळक कुठे पळून गेले नाहीत आणि गप्पही बसले नाहीत. जिन्ना त्यांच्या बाजूनं उभे राहिले. (जिन्नांचं पुढचं राजकारण कुठे गेलं ते सर्वांना माहीत आहे, पण १९१६ चे जिन्ना काँग्रेस आणि मुस्लिम लीग दोन्हींत होते.) मॅजिस्ट्रेटनं हमीचा हुकूम कायम केला तेव्हा प्रकरण हायकोर्टात गेलं. ९ नोव्हेंबर १९१६ रोजी न्यायमूर्ती बॅचलर आणि न्यायमूर्ती शहा यांनी तो हुकूम रद्द केला. त्यांचं म्हणणं साधं होतं. भाषणातली एक-दोन वाक्यं उचलून चालत नाही, पूर्ण भाषणाचा अर्थ बघायचा. कारभारावर टीका करणं म्हणजे राजद्रोह नव्हे. दीड महिन्यात लखनौला काँग्रेस-लीग करार झाला आणि होमरूलची मागणी उघडपणे देशभर पसरली.

म्हणजे इंग्रजी कायद्यानं एका हातानं दोर आवळला आणि त्याच कायद्यातल्या लेखी कारणं, वकील आणि वरचं कोर्ट या तीन गोष्टींनी तो सोडवला. पण सोडवला तो स्वतःहून नाही. कोणीतरी तारखेला हजर राहिलं आणि वाद घातला म्हणून.

स्वातंत्र्यानंतर काय झालं?

इंग्रज गेले, कलमं राहिली. १९७३ च्या संहितेत ती १०६ ते ११० क्रमांकांवर होती. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली, त्यात नंबर बदलले. जुनं १०७ (शांतता राखण्याची हमी) आता १२६ आहे. ज्यात टिळक अडकले ते १०८ आता १२७ झालं आहे. राजद्रोहाचा शब्द गेला, पण दोन गटांत वैर पसरवणारा किंवा धार्मिक भावना दुखावणारा मजकूर आजही त्यात येतो. व्हॉट्सॲप स्टेटस ठेवणाऱ्या मुलांनी हे नीट लक्षात ठेवावं.

या कलमांना आव्हान देणाऱ्यांत पुण्यात जन्मलेले समाजवादी नेते मधू लिमये होते. १९७० मध्ये सुप्रीम कोर्टाच्या सात न्यायमूर्तींनी कलमं वैध ठरवली, पण सोबत मर्यादाही घातल्या. माहितीचा सारांश लेखी द्यायलाच हवा आणि चौकशी सुरू न करताच अंतरिम बॉन्ड मागता येणार नाही.

आक्षेप मात्र आजही तोच आहे. हे काम न्यायालयाचे न्यायाधीश बघत नाहीत, कार्यकारी दंडाधिकारी बघतात. पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरांत हा अधिकार वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यांनाही दिला जातो. मिरा-भाईंदर, वसई-विरारचं आयुक्तालय २०२० मध्ये झालं. प्रस्ताव पोलीस ठाण्याचा आणि सुनावणीही पोलीस अधिकाऱ्यासमोर, अशी वेळ येऊ शकते. म्हणूनच आपले हक्क माहीत असणं जास्त गरजेचं आहे.

कागद आला तर काय बघायचं?

१. कलम कोणतं आहे? १६८ (जुनं १४९) असेल तर ती पोलिसांची ताकीद असते, त्यात बॉन्ड नसतो. १२६, १२७ किंवा १२९ असेल तर चॅप्टरची कारवाई आहे.

२. कलम १३० प्रमाणे हुकूम लेखी हवा. मिळालेल्या माहितीचा सारांश, बॉन्डची रक्कम, मुदत आणि जामीनदार किती, हे त्यात असलं पाहिजे. समन्ससोबत त्याची प्रत मिळते. नुसतं “वरून ऑर्डर आहे” हे कारण होत नाही.

३. तारखेला हजर राहा. पुरेसं कारण असेल तर स्वतः न जाता वकिलामार्फत हजर राहण्याची परवानगी मागता येते. पळालात तर वॉरंट निघू शकतं आणि साधी गोष्ट मोठी होते.

४. घाबरून लगेच सही करू नका. माहिती खोटी असेल तर चौकशीत तसं सांगा, साक्षीदार द्या. माहितीत तथ्य निघालं नाही तर कारवाई संपते.

५. चौकशी सहा महिन्यांत पुरी व्हायला हवी, नाहीतर ती आपोआप संपते. मुदत वाढवायची असेल तर खास कारणं लिहून द्यावी लागतात.

६. रक्कम ऐपतीबाहेरची नको, हे कायद्यातच आहे. हमीचा हुकूम झालाच, तर सत्र न्यायालयात अपील करता येतं.

७. बॉन्ड म्हणजे शिक्षा नव्हे, त्यानं कोणी गुन्हेगार ठरत नाही. पण बॉन्ड दिल्यावर त्या मुदतीत तो मोडला तर रक्कम जप्त होऊ शकते. तेव्हा मुलांनी त्या काळात दुप्पट जपून राहावं.

त्या मुलाला गावी पाठवलं नाही. तो अब्बांबरोबर वकिलांकडे गेला, तारखेला हजर राहिला, लेखी म्हणणं दिलं. प्रकरण अजून चालू आहे, पुढची तारीख मिळाली आहे. पण घरात आता झोप लागते, असं त्याचे अब्बा म्हणाले.

मुलानं मात्र आम्हाला एक प्रश्न विचारला. “सर, टिळकांना पण चॅप्टर लागला होता, हे तुम्ही शाळेत का नाही शिकवलं?” त्याचं बरोबर होतं. आम्ही सन आणि शिक्षा पाठ करून घेतल्या, कायदा शिकवायचा राहून गेला. ती बाकी राहिलेली शिकवणी म्हणून हा लेख. घरात मोठ्यानं वाचा आणि कॉलेजात जाणाऱ्या पोरा-पोरींना जवळ बसवून वाचा.